विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर उघडणारी एकच इमेज फाइल कशी तयार करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या ग्रंथालयाने जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पाने आणि काही ध्वनिमुद्रणे मिळून सुमारे सहा जीबी सामग्री मॅकवर एका फोल्डरमध्ये जमवली आहे. हे सगळे एका इमेज फाइलमध्ये बांधून शाळांना, इतर वाचनालयांना आणि अभ्यासकांना द्यायचे आहे, आणि त्यांच्याकडे कोणता संगणक असेल याचा नेम नाही. डिस्क युटिलिटीने तयार केलेली डीएमजी फाइल विंडोजवर उघडली नाही. मग त्याच फोल्डरची सीडीआर फाइल करून आपण तिच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून आयएसओ केली. ती मॅकवर व्यवस्थित उघडते, पण विंडोज तिला खराब झालेली इमेज म्हणते. फाइल खरोखरच खराब झाली आहे का, आणि सर्वत्र चालणारी इमेज करण्याची रीत कोणती, असे आपण विचारले आहे.

फाइल खराब झालेली नाही. आपण डब्यावरची चिठ्ठी बदलली, आतला जिन्नस तोच राहिला, एवढेच झाले आहे. इमेज फाइल म्हणजे एखाद्या डिस्कवरील सर्व बाइट जसेच्या तसे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका फाइलमध्ये उतरवून घेणे. ती इमेज कोणाला वाचता येईल हे फाइलच्या नावावर ठरत नाही. त्या बाइटांमध्ये कोणती फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडण्याची आणि शोधण्याची कोणती पद्धत, वापरलेली आहे यावर ठरते. मॅकची डिस्क युटिलिटी फोल्डरपासून इमेज करताना आत मॅकचीच फाइल सिस्टिम मांडते. डीएमजीमध्ये त्यावर ॲपलचे स्वतःचे वेष्टन आणि बहुधा संकोचनही असते. सीडीआरमध्ये ते वेष्टन नसते, परंतु आतली मांडणी मॅकचीच राहते. विंडोजला ती मांडणी मुळातच वाचता येत नाही, म्हणून बाहेर आयएसओ असे लिहिले तरी उपयोग होत नाही.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे, असा माझा आग्रह आहे, कारण एकदा पाहिले की पुढचे सगळे सोपे होते. कोणत्याही हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधील बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात, एखादी खरी आयएसओ फाइल, उदाहरणार्थ उबुंटूची, उघडावी आणि ३२,७६८ व्या बाइटाच्या जागी जावे. तेथे १ हा अंक असलेला एक बाइट आणि त्याला लागूनच रोमन अक्षरांत सीडी००१ असे पाच बाइट दिसतील. आयएसओ ९६६० या मानकात २,०४८ बाइटांचा एक सेक्टर धरला जातो, पहिले सोळा सेक्टर राखीव सोडलेले असतात आणि सोळा गुणिले २,०४८ म्हणजे ३२,७६८ या ठिकाणापासून डिस्कची ओळख सुरू होते. आता आपली नाव बदललेली फाइल त्याच जागी उघडून पाहा. तेथे ती पाच अक्षरे नसतील. विंडोजला नेमके तेच सापडत नाही, आणि मग तिच्यापुरती ती फाइल खराब ठरते.

मग तिन्ही प्रणालींना वाचता येईल अशी मांडणी कोणती? माझे स्पष्ट मत असे आहे की, केवळ वाचण्यासाठी द्यायच्या सामग्रीला आयएसओ ९६६० आणि त्यावरच्या जोलिएट व रॉक रिज या दोन पुरवण्या, इतकेच पुरेसे असते. ही मांडणी १९८८ साली मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्याआधी १९८६ मध्ये संगणक कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलेला हाय सिएरा नावाचा आराखडा तिचा पाया आहे. वेगवेगळ्या यंत्रांवर एकच डिस्क वाचता यावी हाच तिचा मूळ हेतू होता, आणि तो किती निष्ठेने सांभाळला आहे हे एका तपशिलावरून कळते. इंटेलची यंत्रे मोठ्या संख्येतील लहान बाइट आधी ठेवतात, तर त्या काळची मोटोरोलाची यंत्रे मोठा बाइट आधी ठेवत. आयएसओ ९६६० मध्ये फाइलचा आकार, तिची जागा यांसारख्या महत्त्वाच्या संख्या दोन्ही क्रमांनी, लागोपाठ दोनदा लिहिलेल्या असतात. ज्याला जो क्रम सोयीचा, त्याने तो वाचावा.

मूळ मानक मात्र नावांच्या बाबतीत फार कडक आहे. पहिल्या पातळीवर नावाला आठ आणि विस्ताराला तीन अक्षरे, तीही फक्त मोठी रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा. दुसऱ्या पातळीवर नाव एकतीस अक्षरांपर्यंत जाते. देवनागरीला यात जागाच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने जोलिएट आणली, ज्यात युनिकोडमधील नावे लिहिता येतात, आणि युनिक्स परंपरेतील लोकांनी रॉक रिज आणली, ज्यात लांब नावे, फाइलचे परवाने, मालकी आणि दुवे नोंदवता येतात.

यातली रचना समजावून घेण्यासारखी आहे, आणि आपण ग्रंथालय चालवता म्हणून त्याच भाषेत सांगतो. कपाटातील पुस्तके एकदाच मांडलेली असतात, पण सूचीपत्रे वेगवेगळी असू शकतात: एक साधे, आखूड नावांचे, दुसरे युनिकोडमधील पूर्ण नावांचे, तिसरी म्हणजे पहिल्याच सूचीच्या समासात केलेल्या सविस्तर नोंदी. तिन्हींतून वाचक त्याच पुस्तकापाशी पोचतो. विंडोज जोलिएटची सूची वाचते आणि रॉक रिजच्या नोंदींकडे पाहतही नाही. लिनक्स रॉक रिज असेल तर तिलाच आधी मान देते. सामग्री मात्र एकदाच साठवलेली असते, त्यामुळे सहा जीबीची इमेज सहा जीबीचीच राहते. अनेकांना वाटते की तीन प्रणालींसाठी तिप्पट जागा लागेल; तसे होत नाही.

आपण मॅकवर आहात, तेव्हा वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. टर्मिनलमध्ये एचडीआययुटिल ही आज्ञा असते, तिची मेकहायब्रिड ही उपआज्ञा वापरावी, तिला आयएसओ आणि जोलिएट हे दोन पर्याय द्यावेत, ओ या पर्यायापुढे तयार व्हायच्या फाइलचे नाव आणि शेवटी आपल्या फोल्डरचा मार्ग लिहावा. आज्ञेतील सर्व शब्द अर्थातच लहान रोमन अक्षरांत टंकायचे आणि प्रत्येक पर्यायाच्या आधी एक आडवी रेघ द्यायची. येथे आयएसओ म्हटले की रॉक रिज आपोआप येते. एचएफएस, म्हणजे मॅकची स्वतःची फाइल सिस्टिम, हा पर्यायही उपलब्ध आहे, परंतु तो आपल्याला नको; मॅकला आयएसओ उत्तम वाचता येते, आणि एक सूचीपत्र वाढले की तपासण्याचे कामही वाढते.

लिनक्स हाताशी असेल तर मी स्वतः झोरिसो हे साधन पसंत करतो, कारण त्यात प्रत्येक गोष्ट आपल्या हाती राहते. त्याला एमकेआयएसओएफएस या जुन्या साधनाप्रमाणे वागायला सांगता येते; मग मोठा जे म्हणजे जोलिएट आणि लहान आर म्हणजे सर्वांना वाचता येईल अशा परवान्यांसह रॉक रिज. येथे लहान आणि मोठ्या आरमधला फरक जपावा. मोठा आर दिला तर आपल्या संगणकावरील मालकी आणि परवाने जसेच्या तसे इमेजमध्ये उतरतात. एखादी फाइल फक्त आपल्यालाच वाचता येईल अशी ठेवलेली असेल, तर ती शाळेतील लिनक्सवर दिसेल, पण उघडणार नाही. लहान आर दिला की मालकी शून्य होते आणि वाचण्याचा परवाना सर्वांना मिळतो. वाटपासाठीच्या इमेजला हेच योग्य आहे. याच घराण्यातील जुन्या साधनांमध्ये एचएफएसचा पर्याय असतो, तोही टाळावा: ती साधने मॅकची अगदी जुनी एचएफएस लिहितात, आणि २०१९ मध्ये आलेल्या कॅटलिनापासून मॅकने ती वाचणे बंद केले आहे.

इमेजच्या नावाविषयी, म्हणजे माउंट केल्यावर (इमेज ड्राइव्हसारखी जोडल्यावर) जे लेबल दिसते त्याविषयी, एक साधा नियम पाळावा. आयएसओमध्ये त्याला बत्तीस अक्षरे मिळतात, पण जोलिएटमध्ये सोळाच. सोळाच्या आत, मोठी रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा इतक्यातच ते बसवावे.

आता नावांच्या प्रश्नाकडे येतो, कारण मराठी सामग्रीच्या बाबतीत सर्वाधिक घोळ तेथेच होतो.

जोलिएटमध्ये एका नावाला चौसष्ट एककांची मर्यादा आहे. पण युनिकोडचे एकक म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणू, परंतु म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी त्याची दहा एकके होतात. अंकाचे नाव, वर्ष, संपादक आणि लेखाचे शीर्षक असे सगळे फाइलच्या नावात भरण्याची सवय असेल, तर चौसष्टची मर्यादा लगेच ओलांडली जाते आणि नाव मध्येच कापले जाते. झोरिसोमध्ये ही मर्यादा १०३ पर्यंत वाढवण्याची सोय आहे, पण ती मूळ जोलिएटच्या बाहेरची आहे, म्हणून मी तिच्यावर विसंबत नाही. रॉक रिजमध्ये मर्यादा बाइटांत मोजली जाते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक एककाला तीन बाइट लागतात, म्हणजे लिनक्सवरील २५५ बाइटांच्या नावात पंच्याऐंशी एकके मावतात. जोलिएटचे चौसष्ट पाळले की येथे अडचण उरत नाही.

दुसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका संग्रहाची इमेज मी तयार केली होती. तिच्यात एक अनुक्रमणिकेचे पान होते, ज्यातील शीर्षकावर क्लिक केले की संबंधित पीडीएफ उघडायची. माझ्या मॅकवर सर्व दुवे चालले. विंडोजवर जवळजवळ सर्व चालले, पण वऱ्हाडावरच्या लेखाचा दुवा चालेना, तसाच दऱ्याखोऱ्यांवरच्या लेखाचा. फाइल समोर दिसत होती, नाव अक्षरशः तेच होते, तरी ब्राउझर म्हणत होता की अशी फाइल नाही. अर्धा दिवस शोधल्यावर दोन्ही नावांचे बाइट काढून शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा उलगडा झाला.

‘वऱ्हाड’ मधला र, म्हणजे ज्याचा अर्धा भाग आपण आडव्या वळणदार रेघेने दाखवतो, तो युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. पहिला प्रकार म्हणजे ऱ हे स्वतंत्र एकक आणि त्यापुढे हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा ठिपका), त्यापुढे हलन्त. तिसरा, जुन्या टंकनपद्धतीतला, म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यातील पहिले दोन युनिकोडच्या नियमांनुसार समान मानले जातात. पहिल्याला जोडलेले रूप आणि दुसऱ्याला सुटे रूप म्हणू. मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावे नेहमी सुट्या रूपात साठवत असे. माझ्या अनुक्रमणिकेत टंकलेले नाव जोडलेल्या रूपात होते. मॅक दोन्ही रूपांना एकच मानतो, म्हणून तेथे सर्व ठीक चालले. विंडोज आणि लिनक्स मात्र या दोन रूपांना एक मानत नाहीत, म्हणून तेथे ती दोन वेगळी नावे ठरली. तिसरा प्रकार तर कोणत्याच नियमाने पहिल्या दोघांशी समान ठरत नाही.

नव्या मॅकमधील एपीएफएस ही फाइल सिस्टिम नावाचे रूप दिले तसेच ठेवते, त्यामुळे अडचण कमी झाली आहे, पण जुन्या डिस्कवरून आणलेल्या फाइलींची नावे सुट्या रूपातच येतात. आपल्या संग्रहात ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाड’ असे शब्द नावांत असतील तर हा प्रश्न आपल्याला हमखास भेटेल. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे फोल्डर लिनक्सवर नेऊन कन्व्हएमव्ही या साधनाने सर्व नावे एकदम जोडलेल्या रूपात आणणे, आणि इमेज तेथेच तयार करणे. न दिसणारे जोडचिन्ह ते साधन काढत नाही. ते हाताने किंवा लहानशा स्क्रिप्टने शोधावे लागते. हे करणे जड वाटत असेल तर फाइलींची नावे रोमन अक्षरांत, वर्ष आणि अनुक्रमांक अशी ठेवावीत, आणि मराठी शीर्षके आतल्या अनुक्रमणिकेत द्यावीत. मला मराठी नावे प्रिय आहेत आणि ती टिकावीत असे वाटते, पण ज्या संग्रहाला वीस वर्षे वेगवेगळ्या हातांतून जायचे आहे त्याला मी आता हाच दुसरा मार्ग सुचवतो.

नावांतील बाकीची पथ्ये थोडक्यात सांगतो. विंडोजला नावात विसर्गचिन्हासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे दोन ठिपके, प्रश्नचिन्ह, तारका, सरळ दुहेरी अवतरण, कोनी कंस, उभी रेघ आणि उलटी तिरपी रेघ चालत नाहीत. नावाच्या शेवटी पूर्णविरामाचा ठिपका किंवा मोकळी जागा असेल तरी अडचण येते. लेखांच्या शीर्षकांत प्रश्नचिन्हे आणि अपूर्णविराम फार असतात, म्हणून हे मुद्दाम पाहावे. लिनक्स लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगळी मानतो, तर विंडोज आणि मॅक सहसा मानत नाहीत. केवळ एवढ्याच फरकाची दोन नावे एका फोल्डरमध्ये ठेवू नयेत. फोल्डरच्या आत फोल्डर आठ पातळ्यांपलीकडे नेऊ नयेत, कारण मूळ मानकाची मर्यादा तेवढीच आहे. मॅकने प्रत्येक फोल्डरमध्ये ठेवलेल्या डीएस_स्टोअर या लपलेल्या फाइली आणि ठिपका व अधोरेखेने सुरू होणाऱ्या जोडफाइली इमेज करण्यापूर्वी काढून टाकाव्यात. मॅकवर त्या दिसत नाहीत, विंडोजवर मात्र प्रत्येक अंकाशेजारी एक न उघडणारा जुळा अंक म्हणून दिसतात, आणि मग वाचक फाइल बिघडल्याची तक्रार करतो.

आकाराबद्दल. सहा जीबीची इमेज ही अडचण नाही. त्यातील एखादी एकटी फाइल चार जीबीहून मोठी असेल तर अडचण आहे. स्कॅन केलेल्या अंकांची पीडीएफ इतकी मोठी नसते, परंतु ध्वनिमुद्रणे संकोचन न करता ठेवली असतील किंवा पुढे चित्रफिती येणार असतील तर विचार करावा लागेल. आयएसओच्या तिसऱ्या पातळीत अशी फाइल तुकड्यांत मांडता येते, पण ते तुकडे जोडून वाचण्याची खात्री सर्व प्रणालींत सारखी नाही. अशा वेळी यूडीएफ ही फाइल सिस्टिम घ्यावी. ती डीव्हीडीसाठी रूढ झाली आणि तिन्ही प्रणालींना वाचता येते. मॅकच्या मेकहायब्रिडमध्ये यूडीएफ हा पर्याय आहेच, आणि तो आयएसओ व जोलिएटसोबत दिला तर एकाच इमेजमध्ये सर्व सूचीपत्रे येतात. विंडोज स्वतःच्या स्थापनेची इमेज याच पद्धतीने देते: तिची मुख्य मांडणी यूडीएफ असते, आणि तिच्यातील आयएसओ ९६६० च्या भागात केवळ एक छोटी मजकूर फाइल असते, जी सांगते की ही डिस्क वाचण्यासाठी यूडीएफ समजणारी प्रणाली हवी.

इमेज घेणाऱ्याला ती कशी उघडायची हेही कळवावे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आयएसओवर दोनदा क्लिक केले की ती नव्या ड्राइव्हप्रमाणे दिसते. काही शाळांत अजून विंडोज ७ असते, तेथे ही सोय मुळात नाही. त्यांना सेव्हन-झिपने आयएसओ उकलून साध्या फोल्डरमध्ये काढता येईल. मॅकवर दोनदा क्लिक पुरते, आणि लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवर उजव्या क्लिकमध्ये माउंट करण्याचा पर्याय मिळतो.

आपण प्रश्नाच्या शेवटी, वाचकाला त्याच इमेजमध्ये स्वतःची टिपणेही लिहिता येतील का, असे विचारले आहे. आयएसओमध्ये नाही, ती केवळ वाचण्यासाठी आहे, आणि संग्रहाच्या दृष्टीने तोच तिचा गुण आहे. लिहिता येणारी इमेज हवीच असेल तर आत एक्सफॅट ही फाइल सिस्टिम आणि बाहेर ठरावीक आकाराचा व्हीएचडी, म्हणजे विंडोजचा इमेजप्रकार, असा मेळ बसतो. एक्सफॅटचे तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुले केले आणि त्यानंतर ती लिनक्सच्या गाभ्यात आली. मॅकला ती आधीपासून समजते. ठरावीक आकाराचा व्हीएचडी म्हणजे डिस्कचे कच्चे बाइट आणि शेवटी ५१२ बाइटांची एक पुच्छनोंद, बाकी काही नाही. त्यामुळे विंडोज त्याला व्हीएचडी म्हणून जोडते, आणि लिनक्स व मॅक त्याच फाइलला कच्ची इमेज म्हणून जोडू शकतात. डिस्कच्या भागांची नोंद, म्हणजे विभागणी, मात्र जुन्या एमबीआर पद्धतीची ठेवावी, कारण जीपीटी या नव्या पद्धतीच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते आणि त्या पुच्छनोंदीमुळे ती शेवटून एक सेक्टर अलीकडे सापडते. पण लिनक्स आणि मॅकवर हे जोडण्यासाठी टर्मिनल लागते, म्हणून सामान्य वाचकाला हे देऊ नये. टिपणांसाठी पेनड्राइव्हवर एक वेगळा फोल्डर ठेवणे बरे.

शेवटची पायरी तपासणीची आहे, आणि ती घाईत उरकू नये. इमेज करण्यापूर्वी फोल्डरमधील प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेली ओळखसंख्या, काढून त्याची यादी एका मजकूर फाइलमध्ये ठेवावी आणि तीही इमेजमध्ये घालावी. मग तिन्ही प्रणालींवर इमेज माउंट करून फाइलींची संख्या मोजावी आणि त्या यादीशी ठसे ताडून पाहावेत. केवळ पूर्ण इमेजचा ठसा जुळला म्हणजे नावे शाबूत आहेत असे होत नाही. नाव कापले गेले असेल तर ते या यादीतच पकडले जाते. इमेज डीव्हीडीवर जाळून परत वाचली तर आणखी एक गोष्ट दिसेल. काही साधने शेवटी १५० सेक्टरांचे, म्हणजे ३,०७,२०० बाइटांचे, रिकामे भरताड जोडतात. अशा वेळी पूर्ण डिस्कचा ठसा जुळला नाही तरी घाबरू नये. मूळ इमेजच्या लांबीइतकेच बाइट वाचून तुलना करावी.

तीन संगणक जमवणे कठीण असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवता येईल, आणि विंडोजसाठी एखाद्या सभासदाच्या लॅपटॉपवर पंधरा मिनिटे पुरतील. फक्त तपासताना फोल्डर उघडला म्हणून थांबू नका. सर्वांत लांब नावाची फाइल, सर्वांत खोल फोल्डरमधली फाइल आणि ऱ असलेले नाव, या तीन फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा.